सही तुझी आहे

प्रिय पोरी,

रविवारी तू रंकाळ्याजवळच्या आमच्या घरी आलीस, तेव्हा तासाभरात तुझ्या चुलत्यांचे तीन फोन आले आणि तिन्ही वेळा तू उठून उभी राहून बोललीस. त्याहून मला टोचले ते त्यांना परत द्यायचे म्हणून तू पर्समध्ये ठेवलेले चेकबुक. पाच कोरे चेक, प्रत्येकावर सरपंच म्हणून तुझी सुबक सही आणि ग्रामपंचायतीचा शिक्का. ना रक्कम, ना कोणाचे नाव. ‘सारखे सारखे तुला कशाला बोलवायचे, असे काका म्हणाले,’ असे सांगून लगेच तू विचारलेस की राजीनामा देऊन पुन्हा एमपीएससीच्या अभ्यासाला लागू का. मी चहा करण्याच्या निमित्ताने आत गेले, कारण तेव्हा बोलले असते तर वाईट बोलले असते.

तुझ्या अभ्यासाच्या वहीत प्रतिभाताई पाटील एका ओळीत आहेत: पहिल्या महिला राष्ट्रपती, 2007 ते 2012. त्या ओळीच्या अलीकडची 45 वर्षे तुला कोणी शिकवली नाहीत. जळगावच्या न्यायालयात वकिली करणारी ही मुलगी 1962 मध्ये विधानसभेवर निवडून आली, तेव्हा ती 27 वर्षांची होती. म्हणजे आज तू आहेस तेवढीच. 1967 मध्ये एदलाबाद, म्हणजे आजचे मुक्ताईनगर, येथून त्या पुन्हा निवडून आल्या आणि उपमंत्री झाल्या. पुढे कॅबिनेट मंत्री म्हणून समाजकल्याण, आरोग्य, दारूबंदी, पुनर्वसन, शिक्षण, नगरविकास अशी खाती त्यांच्याकडे येत-जात राहिली. यातले एकही खाते असे नाही की ज्यासाठी पुरुष मंत्र्यांनी रुसून बसावे. मात्र या खात्यांत कागद फार. वसतिगृहाचे अनुदान, दवाखान्याची मंजुरी, विस्थापितांची यादी. आणि प्रत्येक कागदाखाली सहीची रिकामी जागा.

त्यांना जे मिळाले ते निष्ठेचे फळ होते, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. असेलही. परदेश दौऱ्यांच्या खर्चावरून त्यांच्यावर टीका झाली, आणि निवृत्तीनंतरच्या पुण्यातील घरासाठी लष्कराच्या जागेवरून वाद उठला तेव्हा ते घर त्यांना सोडावे लागले. त्यांची आरती ओवाळायला मी तुला सांगत नाही. पण 2006 मध्ये त्या राजस्थानच्या राज्यपाल असताना तिथल्या विधानसभेने धर्मांतरविरोधी विधेयक मंजूर करून त्यांच्याकडे पाठवले, आणि त्यांनी सही न करता ते परत पाठवले. ते विधेयक चांगले की वाईट यावर आपण दोघी भांडू शकतो. पुढची गोष्ट मात्र भांडणाची नाही: बहुमताने मंजूर झालेला कागद समोर आला, सगळे सहीची वाट पाहत होते, आणि त्या बाईने तो वाचून परत केला. राज्यपालांना तर नुसता रबरी शिक्का म्हणून हिणवतात. तुला निदान रबरी शिक्का म्हणून कोणी निवडून दिलेले नाही.

वाचल्याशिवाय सही नाही. हे मी तुला पुन्हा सांगणार आहे, कंटाळलीस तरी.

मला हे कोणी सांगितले नव्हते, असे मी अनेक वर्षे म्हणत आले. ते खोटे आहे. माझ्या सासूबाईंनी, ज्यांना स्वतःला अंगठा उठवावा लागे, मी 1997 साली पंचायत समितीवर निवडून आले त्याच आठवड्यात सांगितले होते. पुढे मी सभापती झाले. दिवाळीच्या तोंडावर प्रोसिडिंगची, म्हणजे सभेच्या इतिवृत्ताची, वही घरी आली. मी करंज्या तळत होते. पदराला हात पुसून, वही ओट्यावरच ठेवून, दाखवतील तिथे सह्या केल्या. त्यात शिलाई मशीनच्या लाभार्थींची यादी होती. आमच्याच गल्लीतल्या एका विधवेचे नाव सभेत वाचले गेले होते. मी सही केलेल्या यादीत ते नव्हते, त्या जागी एका कार्यकर्त्याची बायको होती. ती बाई माझ्या दारात आली आणि इतकेच म्हणाली, ‘वहिनी, माझे नाव तुम्हीच काढलेत, खाली सही तुमची आहे.’ वहीच्या त्या पानावर तुपाचा डागही होता.

2002 मध्ये मी उभी राहिले नाही, ती तिकीट कापले म्हणून नव्हे, हे मी सर्वांना सांगते. खरे सांगायचे तर तिकीट कापलेच होते. पण मिळाले असते तरी मी उभी राहिले नसते, असे मला वाटते. निदान वाटावे अशी माझी इच्छा आहे. प्रतिभाताई मात्र 1996 मध्ये लोकसभेतून बाहेर पडल्या आणि 2004 पर्यंत कोणत्याही मोठ्या पदावर नव्हत्या, तरी 70व्या वर्षाच्या उंबरठ्यावर पुन्हा कागदांसमोर जाऊन बसल्या. मी मात्र आज बँकेत फॉर्मच्या मागची बारीक अक्षरे वाचत खिडकीसमोर उभी राहते, मागची रांग चुळबुळते, आणि कारकून ‘काकू, सगळे असेच करतात’ म्हणतो. हा हट्ट मला वीस वर्षे उशिरा सुचला.

तू म्हणतेस, काकांनी निवडणुकीचा खर्च केला, त्यांना दुखवू कसे? चुलत्यांना घरात हवा तेवढा मान दे. पण आपल्या जिल्ह्यात ताराराणींच्या पुतळ्याला हार घालायला पहिल्या रांगेत जे पुरुष असतात, त्यांतले कितीतरी जण घरी येऊन सुनेच्या नावाची ग्रामपंचायत चालवतात, हे तुला मी सांगायला नको. आणि खर्चाच्या चौकशीची नोटीस येते ती काकांच्या नावाने येत नाही. ग्रामनिधीचा पैसा निघतो तो सरपंच आणि ग्रामसेवक, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, या दोघांच्या सहीने. तिसरी सही काकांची, असे कुठे लिहिलेले मी तरी पाहिलेले नाही. वाचल्याशिवाय सही नाही, आणि कोऱ्या कागदावर तर वाचायलाच काही नसते.

परीक्षेचे म्हणशील, तर ती पुढच्या वर्षीही असेल. राजीनामा द्यायचाच असेल तर खुशाल दे, पण तो मजकूर तरी स्वतः लिही. माझी भीती अशी आहे की तोही कोणी टाइप करून आणील आणि तू खाली सही करशील.

आज चेकबुक परत करण्याआधी त्या पाचही चेकवर आडव्या रेघा मार, ‘रद्द’ असे लिही आणि त्यांचे नंबर स्वतःच्या वहीत उतरवून ठेव. काका ओरडतील. ओरडू देत; उभी न राहता ऐक. गुरुवारी ग्रामपंचायतीतून मागच्या सहा महिन्यांच्या ठरावांच्या नकला घेऊन ये. दुपारी दोननंतर मी मोकळी आहे, चष्म्याचा नंबरही नवीन करून घेतला आहे. काका गाडीने सोडायला आलेच, तर त्यांना रंकाळ्यावर भेळ खाऊ दे. आपल्याला वेळ लागेल.

तुझी,
काकू