‘एकोल द’ला नुसतं ‘स्कूल ऑफ’ समजू नका

तूलूजमधल्या एका वाचकाचा मेल आलाय, आणि असे मेल आता मला नवीन नाहीत. सव्वाचार वर्षांपूर्वी त्यांनी फ्रान्समधल्या एका लिलावात ऑनलाइन बोली लावून निसर्गचित्र घेतलं, इंग्लिश पानावर ‘स्कूल ऑफ कोरो’ लिहिलेलं, यांना वाटलं फ्रेंच निसर्गचित्रकार कोरोचंच असणार. आता लॅब म्हणते रंगात रुटाइल टायटॅनियम व्हाइट आहे, म्हणजे विसाव्या शतकातला एक पांढरा रंग. पैसे परत मिळतील का?

कोरो खरा की खोटा हे आधी डोक्यातून काढा. त्यानं तीन हजार चित्रं काढली आणि त्यातली दहा हजार अमेरिकेत आहेत, हा जुना विनोद उगाच नाही. तुम्हाला कोरो कुणी विकलेलाच नाही, मग तो खोटा निघाला म्हणून भांडणार कशावर?

भांडायचं ते लिलावाच्या कॅटलॉगमधल्या फ्रेंच ओळीवर. तिथे ‘एकोल द कोरो’ असेल तर ३ मार्च १९८१ च्या सरकारी डिक्रीचं कलम ६ लागतं. ‘एकोल द’च्या पुढे कलाकाराचं नाव आलं की काढणारा त्याचा शिष्य असावा लागतो, किंवा त्याचा प्रभाव वा तंत्र घेतलेलं सर्वश्रुत असावं लागतं, आणि चित्र तो कलाकार हयात असताना किंवा गेल्यावर पन्नास वर्षांच्या आत झालेलं असावं लागतं. कोरो गेला १८७५ ला. म्हणजे रेघ १९२५ ला पडते, आणि रुटाइल पांढरा त्यानंतर बऱ्याच वर्षांनी बाजारात आला. इंग्लिशमधल्या ‘स्कूल ऑफ’मध्ये ही पन्नास वर्षं कुठेच दिसत नाहीत, लंडनवाले ‘सर्कल ऑफ’, ‘फॉलोअर ऑफ’ लिहितात आणि वर ‘आमच्या मते’ म्हणून मोकळे होतात. भाषांतर करणाऱ्यानं शब्द आणला, हमी तिकडेच राहिली.

पण फ्रेंच पानावर ‘दां ल गू द’ (‘च्या धाटणीचं’) किंवा ‘मान्येर द’ (‘च्या पद्धतीचं’) असेल तर कलम ७ प्रमाणे हमी शून्य, आणि लिलावाच्या अटींत बहुतेक वेळा फ्रेंच मजकूरच ग्राह्य असं लिहिलेलं असतं. तुम्ही जपून ठेवलाय तो इंग्लिश स्क्रीनशॉट! फ्रेंच पीडीएफ आजच शोधा. दुसरं, सॅम्पल मूळ थरातूनच घेतलं होतं का? नंतरच्या डागडुजीतला पांढरा असेल तर समोरचा वकील हसेल.

आता घड्याळ. लिलावघर आणि त्यांचा एक्स्पर्ट यांच्यावर दावा करायला हातोडा पडल्यापासून ५ वर्षं, चूक कळल्यापासून नाही. विकणाऱ्यावर व्यवहार रद्द करायचा दावा सहसा चूक कळल्यापासून मोजतात, पण तिथे भरवसा ठेवून बसू नका. रिपोर्ट हातात असताना सात महिने तुम्ही नम्र मेल पाठवत बसलात, मेलनं काय रजिस्टर्ड पत्रानंही मुदत थांबत नाही, कोर्टात अर्ज पडला की थांबते. मग कोर्ट किती वेळ घेईल? १९६८ ला एका जोडप्यानं कॅराची या इटालियन चित्रकार घराण्याच्या ‘एकोल’चं म्हणून २,२०० फ्रँकला चित्र विकलं, लूव्र संग्रहालयानं ते नामवंत फ्रेंच चित्रकार पुसँचं म्हणून लावलं, जोडप्याच्या दाव्यावर विक्री रद्द व्हायला १९८७ उजाडलं.

तुमच्याकडे नऊ महिने आहेत. तिथला आव्होका म्हणजे वकील गाठा, ‘रेफेरे’मध्ये, म्हणजे तातडीच्या सुनावणीत, कोर्टाचा एक्स्पर्ट मागा, आणि तोवर चित्र साफ करायला कुणाला देऊ नका.