आमदार पक्ष बदलतो, तरी आमदारकी का जात नाही?

एकटा गेला तर जाते, घोळक्याने गेला तर वाचते. १९८५ साली राज्यघटनेत आलेल्या दहाव्या अनुसूचीतच, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यातच, ही पळवाट आहे, नाव 'विलीनीकरण'. विधिमंडळ पक्षातले दोन तृतीयांश आमदार राजी असले की झालं.

गोव्याचं गणित बघा. २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी बरोब्बर १० जण भाजपात गेले. २०२२ मध्ये ११ पैकी ८. सातांवर भागत नव्हतं, आठवा लागलाच!

पूर्वी एक तृतीयांशांची 'फूट'ही चालायची, ती २००३च्या ९१व्या घटनादुरुस्तीने काढली. थोडक्यात किरकोळ बंद, घाऊक चालू. वर निकाल देणार विधानसभा अध्यक्ष, म्हणजे बहुधा सत्ताधारीच. त्यांनी किती दिवसांत द्यायचा, हे अनुसूचीत लिहिलेलंच नाही.