दुसऱ्या गाडीसाठी इन्फंट कार सीटचा वेगळा बेस घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय की सकाळी नवरा बाळाला डेकेअरला सोडणार, संध्याकाळी तुम्ही आणणार, गाड्या दोन आणि त्यातली एक २००१ ची. सीट तर वर्षभरात लहान होणारच, मग दुसऱ्या बेसवर पैसे घालवावेत का? आणि मैत्रिणीकडे पडून असलेला बेस चालेल का?

(नवीन वाचकांसाठी: बेस म्हणजे गाडीच्या सीटवर पक्का बसवायचा खालचा भाग, आणि त्यावर अडकवायची, बाळासकट उचलून नेता येणारी सीट म्हणजे कॅरिअर.) दुसरा बेस घ्याच. शंभर-सव्वाशे डॉलर वाचवण्यासाठी रोज काढ-घाल करू नका. एवढं लिहून थांबता आलं असतं, पण हाच वाद आमच्या घरात झालाय आणि माझ्या लेखी तो अजून मिटलेला नाही.

मी एसटीच्या वर्कशॉपमध्ये ३१ वर्षं काढली, सगळी नाशिक विभागात. २०१८ च्या जानेवारीत लेकीकडे न्यू जर्सीला, एडिसनला होतो. नात चार महिन्यांची. जावई सकाळी तिला सोडायचे आणि बेससकट सीट डेकेअरमध्ये ठेवून ऑफिसला जायचे. संध्याकाळी लेक तिथे जाऊन आपल्या गाडीत बेस बसवायची, त्यावर कॅरिअर अडकवायची आणि घरी यायची. पहिल्याच दिवशी मी म्हणालो, दुसरा बेस आणू. जावई म्हणाले, "बाबा, तीस सेकंदांचं काम आहे. दोन हुक, दोन क्लिक." माणूस हुशार, पोरीवर जीव टाकणारा. हे आधीच सांगतो, कारण पुढे मी त्यांच्याविरुद्धच बोलणार आहे.

एका संध्याकाळी मीही लेकीबरोबर गेलो. सहा वाजले होते, मिट्ट काळोख, पार्किंगच्या कडेला बर्फाचे ढीग. हातमोजे काढले की बोटं बधिर, आणि हातमोजे घालून तो हुक लावता येत नाही. नात माझ्या अंगावर, ब्लँकेटमध्ये, रडून लालबुंद. लेकीने मागच्या सीटवर गुडघा टेकून बेस ठेवला, डावा हुक लावला, उजवा लावला, पट्टा ओढला आणि म्हणाली, "झालं बाबा, द्या तिला."

मला क्लिक एकच ऐकू आलं होतं. वर्कशॉपमध्ये निम्मं काम कानावर चालतं. म्हटलं, थांब जरा. पट्टा जातो तिथे बेस धरला आणि हलवला. डावी बाजू जागची हलेना. उजवी चांगली चार बोटं वर आली. गाडीच्या सीटच्या फटीत आत जी सळई असते, तिच्यात हुक गेलाच नव्हता. सीटबेल्टच्या बकलचा पट्टा मध्ये आला होता आणि हुकाचं तोंड त्याच्यावर दाबून बसलं होतं. वरून पाहिलं तर पट्टा ताणलेला, सगळं घट्ट. पाच मिनिटांत ती गाडी रूट वन हायवेला लागली असती.

लेकीने पुन्हा बसवला, मला हलवून बघायला लावला, मग निघालो. घर येईपर्यंत ती एकदाच बोलली: "बाबा, काल पण असंच असेल का?" यावर मी काय सांगणार होतो?

रात्री जेवताना मी विषय काढला. जावई म्हणाले, "पण झालं तर काही नाही ना? यापुढे ती नीट बघून लावेल." इथे माझा आवाज चढला. बसचं चाक काढून बसवलं की थोडं अंतर चालवून नट पुन्हा आवळतात. फिटर वीस वर्षांचा अनुभवी असला तरी आवळतात. जी वस्तू रोज निघते आणि रोज बसते, ती एक ना एक दिवस चुकीची बसणारच. महिन्याचे बावीस दिवस, दिवसातून दोनदा, म्हणजे चव्वेचाळीस वेळा तो बेस बसतो, त्यातही निम्म्या वेळा अंधारात, रडतं पोर शेजारी असताना. जावयांना वाटलं मी लेकीच्या हाताला नावं ठेवतोय. तिचा हात चांगलाच आहे. रोज काढायची ती पद्धत चुकीची होती.

दुसऱ्या दिवशी मी माझ्याजवळच्या डॉलरमधून पैसे काढून लेकीच्या हातात दिले आणि त्याच मॉडेलचा बेस आला. जावयांना ते लागलं, दोन दिवस नीट बोलले नाहीत. त्यांना लागलं याचं मला वाईट वाटतं. बेस आणला याचं वाटत नाही.

मग दोन्ही गाड्या आम्ही तपासून घेतल्या. कार सीट तपासणारे प्रमाणपत्रधारक तंत्रज्ञ तिकडे असतात, बऱ्याच गावांत पोलीस खात्यातर्फे वेळ घेऊन फुकट तपासून मिळतं. आम्हाला भेटलेल्या बाईंनी स्वतः काही बसवलं नाही, लेकीकडूनच बसवून घेतलं. मी बेसला हुक लावून वर सीटबेल्टही आवळला होता, दुप्पट मजबुती म्हणून. त्यांनी तो काढायला लावला. हुक किंवा बेल्ट, दोन्हींपैकी एकच. कार सीटच्या पुस्तिकेत दोन्हींची परवानगी असेल तरच दोन्ही. जावयांच्या गाडीत बेसचा उतारही चुकलेला निघाला. तान्ह्या बाळाचं डोकं पुढे पडलं तर श्वास कोंडतो, म्हणून बेसवरची उताराची खूण गाडी सपाट जागी उभी करून बघायची असते. आमचं पार्किंग उताराचं होतं, त्यामुळे घरी ती खूण बरोबर दिसत होती.

तुमच्या २००१ च्या गाडीचं सांगतो. अमेरिकेत नव्या गाड्यांना या हुकांच्या सळया सप्टेंबर २००२ पासून सक्तीच्या झाल्या. तुमच्या गाडीत असतील किंवा नसतील, सीटच्या फटीत बोटं घालून बघा. नसल्या तरी बिघडत नाही, सीटबेल्टने नीट बसवलेला बेस तेवढाच सुरक्षित असतो. बहुतेक गाड्यांत खांद्याचा पट्टा सावकाश शेवटपर्यंत ओढून सोडला की टकटक आवाज करत आत जातो आणि मग बाहेर येत नाही, तसा तो लॉक करायचा. हात किंवा गुडघा बेसवर दाबून ढील काढा. शेवटी पट्ट्याजवळ धरून हलवा, एक इंचापेक्षा जास्त हलता कामा नये. मधल्या सीटवर बसवायचं असेल तर आधी गाडीची पुस्तिका वाचा, बऱ्याच गाड्यांत हुकांची सोय फक्त कडेच्या दोन सीटांना असते.

एक गोष्ट वर लिहायची राहिली. बहुतेक कॅरिअर बेसशिवाय नुसत्या सीटबेल्टनेही बसतात, टॅक्सीत तसंच करतात. जावयांनी हा मुद्दा तेव्हा मांडला होता आणि तो बरोबर होता. पट्टा कुठून न्यायचा ते कॅरिअरच्या बाजूला चित्रात दिलेलं असतं. पण अडीनडीला ठीक. रोज संध्याकाळी बेल्टने बसवणं म्हणजे पुन्हा तीच काढ-घाल.

मैत्रिणीचा बेस कंपनीने तुमच्या कॅरिअरसाठी चालेल असं सांगितलेला असेल तरच घ्या, दिसायला बसतो म्हणून नको. बेसलाही मुदत असते, खाली तारीख असते, उलटा करून बघा. आणि तिला विचारा की तो गाडीत असताना कधी अपघात झाला होता का, बेस रिकामा असला तरी. ती "बहुतेक नाही" म्हणाली तर नवाच घ्या. आमच्या दोन्ही बेसची मुदत संपली तेव्हा कचऱ्यातून उचलून कोणी वापरू नये म्हणून त्यांचे पट्टे कापून टाकले. कात्री जावयांनीच आणली.