डिकीतला वूफर आणि 18 जुलैची तारीख

कोल्हापूरच्या एका वाचकांनी विचारलं आहे. महागडी सेडान, डिकीत दोन दहा इंची वूफर (खोल, घुमणाऱ्या आवाजाचे स्पीकर), त्यांना ताकद देणारे दोन ॲम्प आणि डिकीच्या मापाने घडवलेला फायबरचा बॉक्स. हे काम त्यांनी मुंबईच्या एका इन्स्टॉलरकडून 4 लाख 80 हजारांत करून घेतलं. 6 मे 2024 ला गाडी ताब्यात आली आणि अडीच महिन्यांत दोनदा रस्त्यात बंद पडली. 18 जुलै 2024 ला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने जॉबकार्डवर लिहून दिलं की, बिघाड बाहेरच्या वायरिंगमुळे आहे, इलेक्ट्रिकल भागांना वॉरंटी मिळणार नाही. दुरुस्तीचा अंदाज 3 लाख 10 हजार. "केस कंपनीवर करू की इन्स्टॉलरवर?" असा त्यांचा प्रश्न आहे.

साहेब, कोणावर करायची हे नंतर बघू. आधी तारीख बघा. ग्राहक संरक्षण कायदा 2019, कलम 69: वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल झाली पाहिजे. तुमची दोन वर्षं 18 जुलै 2026 ला भरतात आणि आज हातात जेमतेम पाच आठवडे आहेत. तुम्ही पाठवलेले व्हॉट्सॲपचे पंचेचाळीस स्क्रीनशॉट मी सगळे वाचले. "पुढच्या आठवड्यात माणूस पाठवतो", "दिवाळीनंतर नक्की", "सर टेन्शन नको". या आश्वासनांवर तुम्ही जवळपास दोन वर्षं काढलीत. अशा निरोपांनी मुदत वाढत नाही. वकिलाची नोटीस पाठवल्यानेही वाढत नाही. ही गोष्ट पहिल्या महिन्यात कोणाला तरी विचारली असती तर आज एवढी धावपळ करावी लागली नसती. दर महिन्याला माझ्याकडे असं एखादं चांगलं प्रकरण येतं, जे केवळ उशिरामुळे मेलेलं असतं. म्हणून जरा कडक बोलतो आहे.

यातही एक अडचण आहे. समोरचा वकील म्हणेल की काम 6 मे ला पूर्ण झालं, म्हणजे मुदत 6 मे 2026 लाच संपली. आपलं उत्तर असं की दोष बॉक्सच्या मागे झाकलेला होता आणि तो कळला 18 जुलैला, जॉबकार्ड हाती आलं तेव्हा. मला हे उत्तर टिकेल असं वाटतं, पण ग्राहक आयोग काय म्हणेल याची हमी मी देणार नाही. म्हणून तक्रारीसोबतच कलम 69(2) खाली विलंबमाफीचा अर्ज जोडा, "तक्रार मुदतीत आहेच, तरीही खबरदारी म्हणून" असं स्पष्ट लिहून. तो नंतर देऊ म्हणणाऱ्यांची फजिती मी पाहिली आहे.

दोष झाकलेला होता हे दाखवायला तुमचाच एक फोटो पुरेसा बोलका आहे. तुमच्या गाडीची बॅटरी डिकीत आहे आणि तिच्या निगेटिव्ह क्लॅम्पवर एक छोटा सेन्सर बसवलेला आहे. किती करंट आला आणि किती गेला, याचा हिशोब तो गाडीच्या कॉम्प्युटरला देतो. ॲम्पची निगेटिव्ह वायर सेन्सरच्या पुढे, बॉडीच्या पॉइंटला यायला हवी होती. इन्स्टॉलरने ती थेट बॅटरीच्या खांबावर कसली आहे. त्यामुळे ॲम्प ओढत असलेला करंट कॉम्प्युटरला दिसतच नव्हता. बॅटरी उतरत होती आणि गाडी तिला भरलेली समजत होती. त्याच फोटोत लाल वायर बॅटरीपासून ॲम्पपर्यंत सरळ गेलेली दिसते, मध्ये फ्यूज कुठेच नाही. सेवेतील त्रुटी म्हणतात ती हीच. पण हे मी सांगून चालणार नाही. ऑटो इलेक्ट्रिकलमधल्या तज्ज्ञाचा सहीचा अहवाल लागेल.

म्हणून सध्या बॉक्स काढू नका. "सगळं उखडून गाडी मूळची करून घेतो" असं तुम्ही लिहिलं आहे, तेवढं करू नका. आधी इन्स्टॉलरला तारीख-वेळ लेखी कळवा, त्याच्या समक्ष किंवा गैरहजेरीत तज्ज्ञाकडून पाहणी आणि चित्रण करून घ्या, मगच पाना लावा. काढलेल्या वायरी पिशवीत सीलबंद ठेवा.

2 लाख 60 हजार यूपीआयने गेले, बाकीचे रोख, कच्च्या पावतीवर. पक्कं बिल न मागणं ही चूकच. पण "बॅलन्स मिळाला सर, थँक यू" हा त्याचा 7 मे चा मेसेज आहे. तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. स्क्रीनशॉटसोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र जोडा.

तक्रार कोल्हापूरच्या जिल्हा आयोगातच करा. तक्रारदार राहतो तिथे दाखल करण्याची मुभा कलम 34 देतं. कच्च्या पावतीवर छापलेल्या "मुंबई न्यायकक्षा" (म्हणजे वाद मुंबईतच चालेल) या ओळीला घाबरू नका. दिलेला मोबदला पाच लाखांच्या आत आहे, म्हणून शुल्क नाही.

गाडीच्या कंपनीला सामनेवाला, म्हणजे तक्रारीतला विरुद्ध पक्ष, करायचं का? वॉरंटी पुस्तिकेची ती पानं तुम्ही पाठवलेली नाहीत, तेव्हा ठाम सांगत नाही. बाहेरच्या वायरिंगमुळे झालेलं नुकसान बहुधा वगळलेलं असतं. ज्या भागाचा वायरिंगशी संबंध नाही, त्याची वॉरंटी मात्र सरसकट नाकारता येऊ नये. विम्यातून फारसं निघेल असं दिसत नाही: आग लागली असती तर गोष्ट वेगळी, इलेक्ट्रिकल बिघाड पॉलिसीत वगळलेला असतो. शिवाय ही सिस्टिम तुम्ही जादा प्रीमियम भरून पॉलिसीत नोंदवलेलीच नाही. आरटीओची भीती वाटते म्हणता. नोंदणी पुस्तकातला तपशील बदललेला नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा (गाडीतल्या बदलांचा) प्रश्न सहसा येत नाही. मागची सीट काढली असेल तर मात्र मला कळवा.

निकाल किती दिवसांत, हेही विचारलंत. कायदा म्हणतो तीन महिने, तपासणी लागली तर पाच. प्रत्यक्षात वर्षं जातात आणि त्याचा मला मनापासून राग येतो. तुमच्या हातात एक गोष्ट आहे. सामनेवाल्याला लेखी कैफियतीसाठी, म्हणजे उत्तरासाठी, 30 दिवस आणि वाढवून 15, यापुढे एकही दिवस मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 4 मार्च 2020 ला हे पक्कं केलं आहे. सेहेचाळिसाव्या दिवशी "आता कैफियत घेऊ नये" असा अर्ज द्या.

या आठवड्यात तज्ज्ञ गाठा. जॉबकार्डची मूळ प्रत, कच्ची पावती आणि तो फोन घेऊन कोल्हापुरातल्या वकिलाकडे सोमवारी जा, आणि जूनअखेर तक्रार ऑनलाइन दाखल होऊन तिचा क्रमांक तुमच्या हातात असू द्या.