अमेरिकेतली रीजनल एअरलाइन आणि युनियन: येऊ घातलेल्या एका फर्स्ट ऑफिसरला उत्तर

ताई म्हणून लिहिलंस, तेव्हा अरेतुरेच करते. तू भारतात एटीआरवर (छोट्या प्रोपेलर विमानावर) फर्स्ट ऑफिसर, म्हणजे को-पायलट, आहेस, बायको अमेरिकेत शार्लटला असते आणि तिच्यामुळे ग्रीन कार्ड मिळालंय. स्कायवेस्टला जावं की अमेरिकन एअरलाइन्सच्या मालकीच्या पीएसएला, हा तुझा प्रश्न. दोन्ही रीजनल, म्हणजे मोठ्या कंपन्यांसाठी छोटी विमानं उडवणाऱ्या. शेवटी विचारलंयस, ‘तिथे युनियनच्या भानगडीत न पडलेलंच बरं ना?’

ग्रीन कार्ड आहे म्हणून पुढचं लिहितेय. ते नसतं तर आधी व्हिसाचंच बघ म्हटलं असतं.

पगाराची जुनी रडगाणी आता विसर. २००९ मध्ये बफेलोजवळ कोलगन एअरचं विमान पडलं, ५० माणसं गेली. चौकशीत कळलं की फर्स्ट ऑफिसर सिअॅटलला राहायची आणि ड्युटीसाठी रात्रभर प्रवास करून नेवार्कला आली होती. तिच्या पगाराचा आकडा ऐकून लोक हादरले. २०१० मध्ये कायदा झाला आणि २०१३ पासून फर्स्ट ऑफिसरलाही उड्डाणाचे १५०० तास लागायला लागले. मग पायलट मिळेनात, आणि २०२२ मध्ये पीएसए आणि अमेरिकनच्याच एन्व्हॉय, पीडमॉन्टने नव्या फर्स्ट ऑफिसरला तासाला ९० डॉलरच्या घरात नेलं. इतकी वर्षं मागून जे मिळालं नाही ते टंचाईने दिलं. यात युनियनचा वाटा किती, यावर क्रू रूममध्ये आजही वाजतं.

आता भानगडीबद्दल. युनियन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गिरणी संप येतो, दत्ता सामंत येतात. इथलं प्रकरण तसं नाही. विमान कंपन्यांना १९३६ पासून रेल्वेचाच कामगार कायदा लागू आहे, आणि त्याचा सगळा रोख संप लांबवण्याकडे. करार संपतच नाही, ठरल्या तारखेपासून तो फक्त बदलता येतो. बोलणी फिसकटली तर नॅशनल मीडिएशन बोर्ड मध्ये बसतं, आणि बोर्डाने मध्यस्थी सोडल्यावरही ३० दिवस थांबावं लागतं. संप क्वचितच होतो. रोजच्या जगण्यात युनियन म्हणजे कराराचं जाडजूड पुस्तक आणि फोन उचलणारा एक माणूस.

माझंच उदाहरण देते, कंपनीचं नाव लिहीत नाही. रिझर्व्हवर होते (आपल्याकडचं स्टँडबाय, बोलावलं की जायचं). शेवटचा लेग शिकागोला संपला, बॅग ओढत जेटब्रिजवर आले आणि शेड्युलिंगचा फोन: पिओरियाला जा, तिथेच मुक्काम. दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती आणि करारानुसार त्यांना ती अशी मोडता येत नव्हती. मी वाद घालायला लागले तर कॅप्टन म्हणाला, ‘आधी उड, मग भांड.’ गेले. हॉटेलमधून युनियनच्या माणसाला कलम नंबरासकट लिहिलं. बऱ्याच महिन्यांनी त्या दिवसाचे जादा पैसे जमा झाले. रक्कम किरकोळच, पण त्यानंतर मला तसा फोन आला नाही.

स्कायवेस्टमध्ये पायलटांची स्वतःची संघटना आहे, सापा. बोलणी तीच करते, पण ती या कायद्याखाली मान्यता असलेली युनियन नाही. अल्पाने, म्हणजे देशातल्या सर्वांत मोठ्या पायलट युनियनने (पीएसएत तीच आहे), २००७ मध्ये तिथे प्रयत्न केला आणि मतदानात हरली. तिथले पायलट काही भोळे नाहीत. त्यांचा मुद्दा असा की २०२० मध्ये ट्रान्स स्टेट्स, कंपास, एक्सप्रेसजेट या रीजनल बंद पडल्या, तिघींकडे अल्पा होती. स्कायवेस्ट मात्र डेल्टा, युनायटेड, अमेरिकन, अलास्का अशा चौघांसाठी उडतेय.

उत्तर द्यायला अवघड मुद्दा आहे. डेल्टाच्या मालकीच्या कॉमेअरच्या पायलटांनी २००१ मध्ये ८९ दिवस संप करून चांगला करार मिळवला. २०१२ मध्ये डेल्टाने कंपनीच बंद केली. रीजनलकडे स्वतःचं तिकीटही नसतं, मोठी कंपनी काम देते आणि काढून घेते. वर विमान ७६ सीटपेक्षा मोठं नको, हे बंधन मोठ्या कंपनीच्या पायलटांच्याच करारातलं. डेल्टाचे पायलट अल्पाचे आणि त्यांच्यासाठी उडणाऱ्या एन्डेव्हरचेही अल्पाचेच, म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजूंना एकच युनियन. तेव्हा युनियन तुझी कंपनी वाचवेल ही आशा सोड. शेड्युलिंगच्या मनमानीपासून आणि चीफ पायलटच्या लहरीपासून वाचवेल. मला तेवढ्यासाठी वर्गणी परवडते.

तू शार्लटला राहणार असशील तर पीएसए. युनियनपेक्षाही मोठं कारण म्हणजे तिथे त्यांचा बेस आहे, म्हणजे ड्युटी तिथूनच सुरू होते. बेस दुसऱ्या शहरात पडला की सुट्टीच्या दिवशी विमानाने कामावर जायचं, आणि न्यूयॉर्कच्या क्यू गार्डन्ससारख्या ठिकाणी सहा जणांत एक खोली. नव्या लग्नात हे नको. शिवाय तिथून अमेरिकनमध्ये जायची रांग करारात लिहिलेली आहे. रांग किती वेगाने सरकेल ते अमेरिकनच्या भरतीवर. स्कायवेस्टने ट्रेनिंगची तारीख बरीच आधी दिली आणि बेस जमला, तर मात्र तिकडे जा. इथे सगळं सीनियॉरिटी नंबरवर चालतं: बेस, सुट्टी, कॅप्टनची सीट. कंपनी बदलली की नंबर शून्यापासून.

स्कायवेस्टला गेलास आणि कुणी अल्पाचं कार्ड (युनियन हवी म्हणून सही करायचं) पुढे केलं तर दचकू नकोस. अख्ख्या कंपनीतल्या निदान निम्म्या पायलटांनी सह्या केल्या तरच मतदान होतं. सही केली कुणी, हे कंपनीला कळत नाही. फक्त पहिलं वर्ष प्रोबेशनचं असतं आणि त्यात काढलं तर युनियन असलेल्या कंपनीतही फारसं काही करता येत नाही. तेव्हा ऐक, वाच, क्रू रूममध्ये भाषणं देऊ नकोस.

ऑफरमधला बोनस बघून हुरळून जाण्याआधी, मध्येच सोडलं तर किती परत द्यायचा ते वाच. राजीनाम्याची घाई करू नकोस, भारतात को-पायलटला सहा महिन्यांची नोटीस आहे. तोवर लॉगबुक नीट लाव. एटीपीला (एअरलाइन पायलटच्या लायसन्सला) २५० तास पीआयसीचे, म्हणजे विमानाचा प्रमुख म्हणून उडवलेले, लागतात आणि एअरलाइनमध्ये लवकर शिरलेल्या आपल्या पोरांचं घोडं तिथेच अडतं. पी-वन अंडर सुपरव्हिजनचे (कॅप्टनच्या देखरेखीखाली प्रमुखाचं काम केलेले) तास वेगळे काढ, कंपनीकडून सही-शिक्क्यानिशी घे. एकदा बाहेर पडलास की तो शिक्का मिळवायला फार हेलपाटे पडतील.