पेटी येते. इंग्लिश कॉन्सर्टिनावर ओव्या, कोळीगीतं बसवता येतील का? रिकामं वाटू नये म्हणून कॉर्ड्स कशा भराव्यात? आणि कॉन्सर्टिना कोणती घ्यावी?

बसवता येतील. कॉर्ड्स, म्हणजे तीन-चार सूर एकदम दाबून धरणं, भरू नका, निदान ओवीला तरी. खरं तर उत्तर एवढंच आहे. पण तुमचं ते "रिकामं वाटू नये म्हणून" वाचलं आणि गॅस बंद करून लिहायला बसले. हेच शब्द आमच्या घरात माझे धाकटे दीर कित्येक वर्षं ऐकवतायत.

आधी वाद्याचं उरकते. कॉन्सर्टिना म्हणजे दोन हातांत धरायचं, मध्ये भाता आणि दोन्ही टोकांना बटणं असलेलं छोटं वाद्य. तुम्हाला पेटी येते, तेव्हा सूर, पट्टी, भाता हे सांगायला नको. पण पेटीची बोटं इथे कामाची नाहीत. पेटीवर सरगम एका ओळीत असते, इथे ती दोन हातांत वाटलेली. पाश्चात्त्य नोटेशनमध्ये जो सूर रेघेवर लिहितात तो डाव्या हाताला, जो दोन रेघांच्या मध्ये तो उजव्या हाताला. त्यामुळे साधी सरगम वाजवली तरी एक सूर या हाताने, पुढचा त्या हाताने. आपल्या हिशोबाने सा-ग-प-नी एका हाताला, रे-म-ध आणि वरचा सा दुसऱ्या हाताला, आणि वरच्या सप्तकात नेमकं उलट. अंगठे चामड्याच्या पट्ट्यांत आणि करंगळ्या पत्र्याच्या टेकूवर अडकलेल्या, म्हणजे वाजवायला एका हाताची तीनच बोटं उरतात. भाता दाबा की ओढा, बटणाचा सूर तोच राहतो. अँग्लो नावाची जी दुसरी जात आहे तिच्यात दाबताना एक सूर आणि ओढताना दुसरा. घेताना हे नीट विचारून घ्या, दिसायला दोन्ही षटकोनीच असतात. लोकधुनांसाठी अँग्लोच हवी असं कोणी सांगेल आणि विल्यम किंबर या इंग्लिश अँग्लोवादकाचा दाखला देईल. १८९९ च्या नाताळात लोकगीतं जमवणाऱ्या सेसिल शार्पने मॉरिस हा इंग्लंडातला लोकनाच पहिल्यांदा पाहिला तेव्हा साथीला किंबरची अँग्लो होती, हे खरं आहे. पण तो नाच होता. तुम्हाला ओवी वाजवायची आहे.

ही मांडणी चार्ल्स व्हीटस्टनची. शाळेच्या प्रयोगशाळेत ज्याच्या नावाच्या ब्रिजने छळलं तोच हा. १८२९ च्या पेटंटमध्ये त्याने बटणं अशी लावली, १८४४ च्या पेटंटमध्ये कॉन्सर्टिना आली. माणूस हुशार होता, पण त्याने सा-ग-प एकाच हाताला शेजारी-शेजारी ठेवून दिले. तीन बोटं टेकवली की कॉर्ड तयार. सगळी गडबड इथून सुरू होते. कॉर्ड इतकी हाताशी असते की गाण्याला ती हवी आहे का हे कोणी विचारतच नाही.

आमच्या सासूबाई वाई तालुक्यातल्या. लग्नानंतर परळच्या चाळीत आल्या, जातं गावीच राहिलं, पण ओव्या तोंडात होत्या. डाळ निवडताना, गोधडी शिवताना गुणगुणायच्या. आमचे हे बोटीवर होते. त्यांनी लिव्हरपूलच्या एका जुन्या सामानाच्या दुकानातून माझ्यासाठी अठ्ठेचाळीस बटणांची कॉन्सर्टिना आणली. मी पेटीवाली, त्यामुळे आधी वैताग वैताग झाला. हळूहळू हात बसला. दुपारी सासूबाई गायच्या आणि मी ओट्याजवळ स्टूल टाकून हळू वाजवायचे. पट्टी-बिट्टी त्यांना ठाऊक नाही. घसा जिथे उघडेल तिथे सा, बहुतेक वेळा काळी चारच्या, म्हणजे पेटीवरच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या आसपास. मी आधी पांढरी पाचचा सा धरून ठेवायचे, मग त्या आपसूक त्यावर यायच्या. अर्धा सूर खाली आलोय हे त्यांना कधी कळलंही नाही आणि माझी बाहेरच्या रांगांतली काळ्या सुरांची बटणं वाचली.

चाळीच्या गणपतीत महिलांचा कार्यक्रम होता, त्यात आमचं दोघींचं ठरलं. आदल्या दिवशी भाऊजी आले. ते ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतात आणि चांगलं वाजवतात, ते नाकारत नाही. दारात उभं राहून एक ओवी ऐकली आणि म्हणाले, "वहिनी, बॉडी येत नाही हो. रिकामं वाटतंय. मी मागे कॉर्ड्स टाकतो, तुम्ही मधले पीस वाजवा." मी म्हटलं, नको. सासूबाई म्हणाल्या, वाजवू दे की त्यालाही. लेकाने हौसेने म्हटलंय म्हटल्यावर त्या नाही कशाला म्हणतील?

कार्यक्रमाला भाऊजींनी ट्रान्सपोजचं बटण दाबलं, स्ट्रिंग्जचा आवाज लावला आणि पहिल्या ओवीपासून सा-ग-प अंथरून ठेवला. पहिली ओवी गेली. दुसऱ्या ओवीत सासूबाई गंधारावर आल्या आणि अडखळल्या. खाकरल्या, परत सुरू केलं, परत तिथेच. तिसऱ्या वेळी थांबल्या, पदर सावरला आणि भाऊजींना म्हणाल्या, "तू वाजव रे, मी ऐकते." आणि खाली येऊन बसल्या. लोकांना वाटलं म्हातारी शब्द विसरली. भाऊजी मला म्हणाले, "आईला माइकची सवय नाही." गावाकडे पहाटे जात्यावर बसली की शेजारच्या आळीपर्यंत आवाज जायचा त्या बाईला माइकची सवय नाही म्हणे!

मी नंतर त्यांचं गाणं फोनवर मुद्रित केलं आणि कॉन्सर्टिनाशी ताडून पाहिलं. पांढरी पाचच्या हिशोबाने कोमल ग आणि शुद्ध ग ही दोन बटणं अगदी चिकटून आहेत. सासूबाईंचा ग या दोन्हींवर बसत नव्हता. वर जाताना शुद्धाकडे झुकायचा, उतरताना कोमलाकडे, आणि दर ओवीत तसाच, म्हणजे चुकून नव्हे. त्याखाली कोणी शुद्ध ग ताणून धरला तर गाणाऱ्याने करायचं काय? एक तर आपला सूर सोडायचा, नाहीतर भांडत राहायचं. त्यांनी तिसरं केलं, गाणंच सोडलं. हे मी भाऊजींना दाखवलं तर म्हणतात, "म्हणजे आई बेसूर गाते असं म्हणायचंय का तुम्हाला?" सासूबाई आतल्या खोलीत होत्या. पुढे काय झालं असेल ते सांगत नाही.

हे काही माझंच खूळ नाही. पर्सी ग्रेंजर नावाच्या संगीतकाराने १९०६ पासून इंग्लंडात लिंकनशायरच्या खेड्यांमधून म्हाताऱ्या गायकांची गाणी फोनोग्राफवर घेतली. १९०८ मध्ये त्याने लिहिलं की या लोकांचा ग आणि नी एका जागी ठरलेला नसतो, मेजर-मायनर या पाश्चात्त्य सप्तकांच्या खणांत तो बसत नाही. आपल्या ओवीचंही तेच. हे सांगितल्यावर भाऊजींनी बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं: "मग त्याने स्वतः त्याच गाण्यांना हार्मनी लावलीच ना?" लावली. १९३७ मध्ये अख्ख्या विंड बँडसाठी लावली. पण गायकाच्या मागे बसून नाही लावली. आणि प्रत्येक गायकाची लय, थांबण्याच्या जागा जशा होत्या तशा ठेवायला त्याने तालाचे हिशोब वाकडेतिकडे केले. आमच्याकडे कीबोर्डचा रिदम सुरू होता आणि सासूबाईंनी त्याच्या मागे धावायचं होतं.

दुसरा दाखला ते पेटीचा देतात. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटी बंद केली ती ७१ पर्यंत, पण पेटी संपली का? नाही संपली. पण का नाही संपली? चांगल्या पेटीवाल्याला हात कुठे उचलायचा ते कळतं. मिंड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, आली की तो दोन सूर सोडून देतो. तुम्ही पेटी वाजवता, तुम्हाला हे येत असणारच. तेच इथे आणा.

मी कसं करते ते सांगते, घ्यायचं तर घ्या. अठ्ठेचाळीस बटणांच्या ट्रेबल प्रकारच्या कॉन्सर्टिनाचा सगळ्यात खालचा सूर मंद्रातली पांढरी पाच, तो उजव्या हाताला. तो आधाराला धरते. चाल वरच्या सप्तकात वाजवते. तिथला सा-ग-प डावीकडे येतो, तिन्ही बोटं मोकळी, आणि रे-म-ध साठी उजव्या हाताची उरलेली दोन बोटं पुरतात. गाणारी गात असताना मी बहुतेक वेळ फक्त सा, फार तर सा-प. ग वाजवतच नाही, तो तिचा. ओळ संपली की मधल्या जागेत चालीचा शेवटचा तुकडा भरते. एकटीच वाजवत असेन तर कोमल ग ला निसटता स्पर्श करून शुद्धावर जाते, उतरताना उलट. मिंड नाही ती, पण कान फसतो. शेवटच्या ओवीला चाल दोन सप्तकांत एकदम वाजवायची. वरचा सूर कायम दुसऱ्या हाताला असल्यामुळे हे इथे पेटीपेक्षा सोपं पडतं.

आणि भात्याकडे लक्ष द्या, बोटांपेक्षा जास्त. दिशा बदलली तरी सूर बदलत नाही, म्हणून नवखे लोक हवा संपेल तिथे भाता उलटवतात आणि मग सगळं गुळगुळीत, बेचव होतं. उलटवताना एक बारीक झटका बसतो, तोच तुमचा ताल. खुंटा हाताने ओढताना जातं जिथे जड जातं, तिथे बायकांच्या तोंडून शब्दावर जोर येतो. त्या जोरावर भाता उलटवा. डावी बाजू मांडीवर टेकवून फक्त उजवी हलवली की हे जमतं. चाली ऐकायच्या असतील तर हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पात जमवलेल्या लाखाच्या वर ओव्या आहेत. त्यातल्या बऱ्याच 'पारी' या ग्रामीण भारतावरच्या संग्रहाच्या संकेतस्थळावर बायकांच्या आवाजात ऐकायला मिळतात. आधी महिनाभर त्या ऐका, मग बटणाला हात लावा.

कोणती घ्यावी हे तुम्ही विचारलं होतं, ते राहिलंच. मुंबईच्या दुकानांत सहज मिळत नाही, बाहेरून मागवावी लागते आणि वर ड्यूटी. तीस बटणांची शिकाऊ मिळते, ओवीला तेवढी भरपूर. व्हीटस्टन किंवा लाशेनाल या जुन्या कंपन्यांची घेतलीत तर पावसाळ्याची तयारी ठेवा. आत लाकडी पाटीच्या खोबणीत एकेक पितळी चौकट ठोकून बसवलेली असते, तिच्यात पोलादी रीड, म्हणजे हवेने थरथरून सूर देणारी पट्टी. जुलैत लाकूड फुगलं की खोबण चौकटीला आवळते, फट अरुंद होते आणि रीड कडेला घासून मुकी होते. घाबरू नका. त्या बाजूचे सहा बोल्ट काढायचे, चौकट केसभर मागे सरकवायची, परत बंद. ऑक्टोबरनंतर तीच चौकट सैल होऊन खरखरते, तेव्हा पुढे दाबायची. भात्याला ठिगळ लावणं, बटणाखालच्या चामडी गाद्या बदलणं हे पेटी दुरुस्त करणारा करून देतो. सुराला मात्र त्याला हात लावू देऊ नका. पेटीच्या पितळी रीडची सवय असलेला हात पोलादावर पाते घेऊन बसला की एका दुपारीत नासाडी. माझ्या एका बटणाचं हे झालंय, कारागिराचं नाव घेत नाही.

आता तुमचं कोळीगीत. वर कॉर्ड्सविरुद्ध एवढं बोलले ते ओवीपुरतं धरा. कोळीगीताचा ठेका सहा मात्रांचा, जिग ही आयरिश नाचाची धून वाजवणाऱ्याच्या हातात सहज बसेल असा. कोळीवाड्यातल्या लग्नात ब्रास बँड ही गाणी वाजवतोच, तिथल्या कानांना हार्मनी परकी नाही. सूरही बहुतेक सरळ लागतात. तिथे सा-ग-प ची तीन बोटं टेकवा, मपासून निघणारी दुसरी कॉर्ड दुसऱ्या हाताला तयारच आहे, चालेल. लांब धरू नका, तोडून तोडून वाजवा. आणि कॉर्ड कुठे बदलायची ते ढोलकीवाल्याला विचारा, कीबोर्डवाल्याला नको.