मायकल ओवेनला लिव्हरपूलचा लेजंड म्हणायचं का?

म्हणायचं. एका शब्दाचं उत्तर हवं असेल तर ते झालं. पुढचं सगळं माझं जुनं दुखणं आहे.

ओवेन म्हणजे लिव्हरपूल क्लबात वाढलेला इंग्लंडचा फॉरवर्ड, पुढं कट्टर प्रतिस्पर्धी मँचेस्टर युनायटेडकडं गेलेला. खरं तर त्याच्या भांडणात मी आता पडत नाही. पण तुम्ही प्रश्नाखाली जोडलंय, "ज्यानं मँचेस्टर युनायटेडचा शर्ट घातला त्याला लिव्हरपूलनं मान का द्यायचा?" हे वाक्य मी आधी ऐकलंय. त्यात लिव्हरपूल नव्हतं आणि मँचेस्टरही नव्हतं. दोन पेठा होत्या.

मी कोल्हापूरचा. आमच्याकडं फुटबॉल तालमीचा आणि तालीम पेठेची, हे आता महाराष्ट्राला सांगायला नको. माझा धाकटा मामा आमच्या तालमीचा फॉरवर्ड. (तालमीचं नाव लिहीत नाही, शोधूही नका.) १९९४ ला शाहू स्टेडियमवर त्यानं फायनलमध्ये गोल मारला आणि चषक पेठेत आला. मी सात वर्षांचा. मिरवणुकीतली हलगी आठवते, आणि डोळ्यात गुलाल गेला म्हणून मी बोंब ठोकली होती ते आठवतं.

दोन वर्षांनी मामाचा गुडघा गेला. तालमीतले म्हणाले, "बघू." बघू म्हणजे नाही, हे कळायला आम्हाला वर्ष लागलं. आजीनं पाटल्या मोडल्या, ऑपरेशन झालं. पुढच्या सीझनच्या नोंदणीआधी पलीकडच्या पेठेतला एक माणूस घरी आला, चहा प्याला, आणि पाटल्यांइतके पैसे पेपरात गुंडाळून कॉटवर ठेवून गेला. मामानं तिकडं सही केली.

१९९८ च्या सीझनला त्यांची आमच्याशी मॅच पडली. मी अकरा वर्षांचा, पेठेतल्या पोरांच्या घोळक्यात. पोरं "गद्दार, गद्दार" ओरडत होती आणि त्यांच्यात मीही होतो. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सामना एक-एक, शेवटची दहा मिनिटं, आणि त्यांना पेनल्टी मिळाली. बॉल मामानं उचलला. आणि बारवरून मारला.

आमची पेठ म्हणाली, देवानं शिक्षा दिली. त्यांची पेठ म्हणाली, मुद्दाम बाहेर घातली, रक्त आपल्याच पेठेकडं ओढणार. दोन्हीकडच्या हजारो शहाण्यांत एकाच्याही मनात आलं नाही की माणसाची पेनल्टी चुकू शकते. मामा एवढंच म्हणत राहिला, "बूट सरकला, मर्दा." आणि त्याला घरी यायचं होतं ते आमच्याच गल्लीतनं. आम्ही आजोळीच राहायचो, त्यामुळं रात्री तो माझ्या शेजारीच जेवायला बसला. मी ताटातनं मान वर काढली नाही. त्यानं विचारलं, "घसा का बसलाय रे तुझा?"

त्याच साली वर्ल्ड कप. इंग्लंड-अर्जेंटिना, आपल्याकडं रात्री साडेबाराला सुरू झालेली मॅच. कोल्हापूर म्हटल्यावर अर्धं गाव अर्जेंटिनाचं, मामा पण. बेकहॅमनं पास दिला, अर्जेंटिनाच्या बचावातला चामोत मागं पडला, आयाला मागं पडला, आणि अठरा वर्षांच्या पोरानं पलीकडच्या कोपऱ्यात गोल ठोकला. अर्जेंटिनावाला मामा ताडकन उठून उभा राहिला. मॅच टायब्रेकरला गेली तसा तो बाहेर जिन्यावर जाऊन बसला. आतनं मी बातम्या पुरवायच्या.

"त्या पोरानं मारली का?"

"मारली."

"गेली?"

"गेली."

इंग्लंडच्या इन्सची अडवली, शेवटी बॅटीचीही अडवली, इंग्लंड घरी. मामाचा संघ जिंकला होता. तो जिन्यावरनंच म्हणाला, "घरला कुठनं जायचं असंल रे त्या बॅटीला?"

तेव्हापासून आमच्या घरात ओवेन. त्याच्यामागून लिव्हरपूल आलं. क्लब बघून माणूस निवडला नाही, माणूस बघून क्लब निवडला, हे आधीच कबूल करतो. १२ मे २००१ चा एफए कपचा फायनल मी मामाच्या शेजारी बसून बघितला. वेम्बली बंद होतं म्हणून सामना कार्डिफला. आर्सेनलनं सगळी मॅच खाल्ली होती, ल्युंगबर्गचा गोल झाला होता, लिव्हरपूलनं धड एक चाल रचली नव्हती. ८३ व्या मिनिटाला ओवेननं बरोबरी केली. ८८ व्या मिनिटाला लिव्हरपूलच्या बर्गरनं मागनं लांब बॉल टाकला, ओवेन आर्सेनलच्या बचावातल्या डिक्सनच्या पुढं निघाला आणि डाव्या पायानं गोलकीपर सीमनच्या पल्याडनं मारला. "डावा," मामा म्हणाला. "डावा पाय कमावलाय पोरानं." बाकी काही बोलला नाही, पण रात्री मला घेऊन अंडा आम्लेट खायला गेला.

आकडे उरकून टाकतो, नाहीतर म्हणाल भावनेवर चाललाय. २९७ सामने, १५८ गोल. सतराव्या वर्षी पदार्पणातच विम्बल्डनविरुद्ध गोल. १९९७-९८ आणि १९९८-९९, दोन्ही सीझनला लीगमधल्या सर्वाधिक गोलांचा मान, दोन्ही वेळा वाटून घेतलेला, प्रत्येकी १८. २००१ चा बॅलन डी'ओर, म्हणजे युरोपातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान: लिव्हरपूलकडून खेळताना तो मिळवणारा आजवरचा एकमेव खेळाडू, आणि त्यानंतर एकाही इंग्रजाला तो मिळालेला नाही. हे दुसऱ्या कुणाच्या नावावर असतं तर तुम्ही प्रश्नच विचारला नसता.

मग सोडून का गेला? लोकांना ही गोष्ट अर्धीच आठवते. २००४ च्या ऑगस्टमध्ये करारात एकच वर्ष उरलेलं असताना क्लबनं त्याला रेआल माद्रिदला ८० लाख पौंडांना विकला, वर नुन्येझ नावाचा एक खेळाडू घेतला. बॅलन डी'ओर जिंकलेला, चोवीस वर्षांचा फॉरवर्ड! भाजीत कोथिंबीर फुकट घालतात तसा. नऊ महिन्यांनी क्लब इस्तंबूलला चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपचा चषक जिंकला आणि तो तिकडं माद्रिदच्या बाकावर. ही त्याची चूक की नशीब, ज्याचं त्यानं ठरवावं. पण २००५ ला त्याला परत यायचं होतं. न्यूकॅसलनं दुप्पट पैसे टाकले, माद्रिदला पैसा हवा होता, लिव्हरपूलनं तेवढी रक्कम मोजली नाही. त्याच डिसेंबरात तो न्यूकॅसलकडून लिव्हरपूलच्या मैदानावर, अ‍ॅनफिल्डवर आला तेव्हा त्याच कॉपमधनं, म्हणजे लिव्हरपूलच्याच चाहत्यांच्या स्टँडमधनं, त्याला चिडवलं, इस्तंबूलला तू कुठं होतास म्हणून.

पुढच्या वर्षी वर्ल्ड कपला स्वीडनविरुद्ध पहिल्याच मिनिटाला त्याचा गुडघा गेला. तो हातांवर रांगत रेषेबाहेर गेला. मामानं टीव्ही बंद केला. त्या मॅचचा स्कोअर मला दुसऱ्या दिवशी पेपरात कळला.

२००९ ला युनायटेड. आता इथं तुमचा राग बरोबर आहे, आणि माझाही होता. सात नंबर, तोही तिथला मानाचा. पण बघा काय उरलं होतं: न्यूकॅसल खालच्या लीगमध्ये गेलेलं, करार संपलेला, १९९९ ला लीड्सला फाटलेली मांडीमागची हॅमस्ट्रिंग दहा वर्षं सांभाळत आलेला एकोणतीस वर्षांचा माणूस, आणि युनायटेडचा मॅनेजर फर्ग्युसनचा फोन. तुम्ही काय म्हणाला असता? पेठ आठवली असती?

आणि मिळालं काय? मँचेस्टर सिटीविरुद्ध ९६ व्या मिनिटाला गोल मारून ४-३ जिंकून दिलं, लीगचं पदक घेतलं, तरी युनायटेडवाले त्याला आपला म्हणत नाहीत. लिव्हरपूलवाले तर म्हणतच नाहीत. दोन्ही पेठांतून बाद. मामाची पेनल्टी इंग्लंडमध्ये जाऊन पडली असं मला वाटतं कधीकधी.

तुम्ही म्हणाल लिव्हरपूलचा कॅप्टन गेरार्ड बघा, राहिला. राहिला, मान्य. पण २००५ च्या जुलैत त्यानंही जाण्याचा अर्ज दिला होता, चेल्सीकडं, आणि रात्रीतनं मन बदललं. मन बदललं नसतं तर लेजंड नसता का? लिव्हरपूलचा फॉरवर्ड तोरेस तर ५ कोटी पौंडांना चेल्सीलाच गेला, तेव्हा लोकांनी त्याचे शर्ट जाळले, आणि २०१५ ला एका धर्मादाय सामन्यासाठी अ‍ॅनफिल्डवर आला तर टाळ्यांचा पाऊस. मग ओवेननं नेमकं काय वेगळं पाप केलं? युनायटेड. म्हणजे पाप जाण्यात नाही, पत्त्यात आहे. हे मला पटत नाही. शर्ट मोजायचा तर अंगात असतानाचा मोजावा, काढल्यावरचा नव्हे.

आता मूळ भांडण. काही वर्षांपूर्वी तालमीच्या इमारतीचं नवीन बांधकाम झालं आणि जुन्या खेळाडूंचे फोटो लावायचं ठरलं. मीटिंगला मी मामाचं नाव सुचवलं. कमिटीतला एकजण, माझ्याच बरोबर त्या दिवशी स्टेडियमवर ओरडणारा, म्हणाला, "ज्यानं पेठ सोडली त्याचा फोटो लागणार नाही. विषय संपला." मी म्हटलं, गुडघा गेला तेव्हा पेठ कुठं होती? तर म्हणाला तो वेगळा विषय. फोटो लावलाय तो अशा एकाचा, जो दोन सीझन खेळला, एक गोल मारला नाही, पण पुढं नगरसेवक झाला. असा लेजंड लिव्हरपूललासुद्धा परवडणार नाही.

त्यामुळं तुम्हाला सल्ला असा की, "क्लब सोडला" हे वाक्य बोलायच्या आधी क्लबनं कुणाला कधी सोडलं ते तपासा. खेळाडूची सही सगळ्यांना दिसते. कॉटवरचं पेपराचं पुडकं आणि त्याच्या आधीचं "बघू" कुणाला दिसत नाही. आणि तुमचा क्लब जेव्हा एखाद्या गुडघ्याला "बघू" म्हणेल तेव्हा तुम्ही स्टँडमध्ये गप्प बसू नका. मी अकरा वर्षांचा होतो, मला कळलं नाही. तालमीतल्या त्या मोठ्या माणसांना कळत होतं.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या, त्या आता. ओवेन लिव्हरपूलच्या जुन्या दिग्गजांच्या, डाल्ग्लिशच्या रांगेत बसत नाही. रशच्या तर नाहीच. रशचे ३४६ गोल आहेत, आणि तोही युव्हेंटसला जाऊन वर्षात परत आला होता, हे लक्षात घ्या. त्याच्या बरोबरीच्या फॉरवर्ड फाउलरवर लोकांचं प्रेम होतं तसं ओवेनवर तो तिथं असतानाही नव्हतं. ज्या क्लबात तो वाढला त्यापेक्षा इंग्लंडच्या संघात तो जास्त खुलायचा असं तिथल्या लोकांना वाटायचं, आणि त्यात थोडं तथ्य आहे. २००१ ला लिव्हरपूलनं जिंकलेल्या तीन चषकांतल्या लीग कपच्या फायनलला तो मैदानात उतरलाच नव्हता. आणि २००९ ला त्याचा तो सात नंबरचा फोटो बघून मी माझ्या गाडीच्या किल्लीचं लिव्हरपूलचं कीचेन काढून ड्रॉवरमध्ये टाकलं होतं. म्हणजे मी काही न्यायाधीश नाही. पण क्लबनं स्वतः पुढं त्याला राजदूत म्हणून घेतलं. क्लब विसरला, आपण का धरून बसायचं?

लिव्हरपूलमध्येच वाढून क्लब सोडून गेलेल्या ट्रेंटबद्दल कुणी विचारू नका. २०२५ च्या मे महिन्यात अ‍ॅनफिल्डवर त्याला शिट्ट्या मारल्या, ते बघून मी आवाज बंद केला. वीस वर्षांनी विचारा.

तुमचा प्रश्न मी काल मामाला वाचून दाखवला. तो आता पंचावन्नचा, गुडघा अजून दुखतो, जिना उतरताना कठड्याला धरतो. ऐकून म्हणाला, "त्या ओवेनला विचारलंय का कुणी, तुला पायजे का म्हणून?" मी म्हटलं, तुला पायजे का? त्यानं विषय बदलला, पाणी कधी येणार विचारलं.

१९९४ चा संघाचा फोटो मात्र तालमीत आहे. चषक दाखवायचा तर तो लावावाच लागतो. त्यात मामा खाली मधोमध बसलाय, एक गुडघा टेकून, चषकावर हात ठेवून. फ्रेमच्या खाली पितळी पट्टीवर नावं कोरलीत. फोटोत अकरा जण आहेत, पट्टीवर दहा नावं.